जिभेखालची गोळी

सदाशिव पेठेत माझं पोळीभाजी केंद्र आहे. रोजच्या साडेतीनशे-चारशे पोळ्या, सणासुदीला त्याहून जास्त. सकाळी सहाला ओट्याशी उभं राहायचं ते दुपारी दोनलाच टेकायचं. चाळिशी उलटल्यावर कंबर धरायला लागली, मग डाव्या पायातून कळ जायला लागली. एमआरआयमध्ये मणक्यात गॅप निघाली. हाडांच्या डॉक्टरांनी आराम, शेक, व्यायाम आणि एक गोळी लिहून दिली. आराम परवडणारा नव्हता, व्यायामाला वेळ नव्हता. राहिली गोळी.

ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली ती गोळी होती, 37.5 आणि 325 मिलिग्रॅमची. पाठदुखीसाठी सर्रास देतात. ट्रामाडॉल कारखान्यात बनत असलं तरी मेंदूत जाऊन बसतं ते अफू, मॉर्फिन, ब्राऊन शुगर जिथे बसतात त्याच जागी. शिवाय नैराश्यावरची काही औषधं करतात तसलंही थोडं काम ते करतं. त्यामुळे दुखणं थांबायचं आणि वर अंगात हुरूप यायचा. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात मी गाणी गुणगुणत पोळ्या लाटायची. आमच्या मदतनीस मावशी म्हणायच्या, "वहिनी, आज स्वारी खुशीत दिसते."

पुढे काय होतं ते बऱ्याच जणांना ठाऊक असेल. एकाच्या दोन झाल्या, मग साध्या गोळीने भागेना म्हणून नुसत्या ट्रामाडॉलच्या कॅप्सूल आल्या. एप्रिल 2018 मध्ये केंद्र सरकारने ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. मी सुरुवात केली तेव्हा तो नियम जुना झाला होता. पण मेडिकलवाल्याला माझा चेहरा माहीत होता, माझा डबा त्याच्याकडे जायचा, आणि एकाच जुन्या चिठ्ठीवर वर्षभर औषध मिळत गेलं. पुढे तो चिठ्ठी मागायचाही बंद झाला, भाव मात्र वाढवत गेला. त्याच्याबद्दल मला आजही राग आहे, पण इथे तेवढं पुरे.

दुखण्यासाठी घेणं कधी संपलं आणि न घेतल्यावर जे होतं ते टाळण्यासाठी घेणं कधी सुरू झालं, याची तारीख सांगता येत नाही. एवढं आठवतं की डोक्यात सतत हिशेब चालायचा. पर्समध्ये किती, डाळीच्या डब्यामागे किती, उद्या रविवार, मेडिकल बंद, आजच आणायला हव्यात. पोळ्यांच्या ऑर्डरी मी वहीत लिहायचे, पण हा हिशेब तोंडपाठ असायचा.

ट्रामाडॉलचा एक गुण फारसा कुणाला माहीत नसतो. दिवसाला 400 मिलिग्रॅम ही त्याची वरची मर्यादा. त्यापलीकडे गेलं की फिट येण्याचा धोका वाढत जातो. मला ती आली ऐन कामाच्या वेळी, तापलेल्या तव्यापासून हातभर अंतरावर. मावशींनी आधी गॅस बंद केला आणि मग मला कुशीवर वळवलं. त्यांच्या गावी भावाला फिट यायच्या म्हणून त्यांना ते माहीत होतं, हे माझं नशीब. रुग्णालयात मेंदूचं स्कॅनिंग झालं, ईईजी झाला, काही निघालं नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या कुठल्या वेदनाशामक गोळ्या घेतात का? घरी शोधा." घरी शोधायला फार वेळ लागला नाही.

आमच्या घरात व्यसन म्हणजे दारू, फार तर गुटखा. पोळ्या लाटणाऱ्या बाईचं व्यसन ही कल्पनाच कुणाला झेपेना. पुण्यात असं काही निघालं की प्रत्येकाच्या तोंडी पहिलं नाव मुक्तांगणचं येतं, तसं आमच्याकडेही आलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये येरवड्याला ते सुरू केलं, आणि या शहराला व्यसन हा आजार आहे असं बोलायची सवय त्यांनी लावली, हे मान्यच करायला हवं. पण गणपती तोंडावर आले होते, उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या, आणि महिनाभर कुठे राहायला जायचं म्हणजे धंदा बुडवायचा. मग घरच्या घरी एकदम बंद करून पाहिलं. ते दिवस मी मोरीत आणि गादीवर काढले. जांभया अशा की जबडा दुखावा, नाकाडोळ्यांतून पाणी, पोट बिघडलेलं, अंगावर काटा, आणि पाय. पाय एका जागी राहतच नाहीत. रात्रभर गादीवर टाचा घासून कातडी सोलवटली. नवरा शेजारी बसून विक्स चोळत होता, बिचाऱ्याला दुसरं काही सुचेना.

त्यानंतर एका खासगी केंद्रात थोडे दिवस भरती होऊन शरीरातून औषध काढून झालं, आणि घरी आल्यावर काही आठवड्यांतच पुन्हा मेडिकलची पायरी चढले. हे माझ्या एकटीचं नाही. अफूच्या कुळातल्या औषधांत नुसतं शरीर स्वच्छ करून घरी पाठवलं तर बहुसंख्य लोक परत वळतात. त्यातला खरा धोका वेगळाच असतो. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस जुन्या हिशेबाने डोस घेतो. ब्राऊन शुगरवाल्यांचे जीव बरेचदा असे जातात, सोडून आल्यानंतर. मला हे नंतर समुपदेशक बाईंनी सांगितलं. आधी समजलं असतं तर त्या खासगी केंद्राचे पैसे वाचले असते.

शेवटी त्या मेंदूच्या डॉक्टरांनीच एका सरकारी रुग्णालयाच्या व्यसनोपचार विभागाची चिठ्ठी दिली. तिथे पहिल्याच दिवशी खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पेशंट कुठाय?" मी म्हटलं, मीच. त्याने मान वर केली. रांगेत बायका होत्या, पण सगळ्या कुणाच्या तरी आई किंवा बायको म्हणून आलेल्या. पदरात फाइल धरून, मुलाचा नंबर कधी येतो याची वाट बघत. मीही त्यांच्यातच जाऊन बसले. त्यांनी मला आपल्यातलीच समजून विचारलं, "मुलगा आहे का हो?"

मॅडम तरुण होत्या, मानसोपचार शिकलेल्या. त्यांनी काय देणार ते नीट समजावलं. औषधाचं नाव ब्यूप्रेनॉर्फिन. 1966 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये शोधलेलं, मूळचं वेदनाशामक. तेही मेंदूत ट्रामाडॉलच्याच जागी बसतं, पण जागा पुरती चेतवत नाही, अर्धीमुर्धीच चेतवते. एवढंच की तळमळ थांबते, तलफ उतरते. डोस वाढवत नेला तरी एका पातळीनंतर परिणाम वाढत नाही, श्वास मंदावण्याच्या बाबतीतही नाही. म्हणून ते मॉर्फिन-हेरॉइनपेक्षा बरंच सुरक्षित, फक्त त्याच्यासोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या नकोत. तो मेळ जिवावर बेततो, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि नवऱ्यालाही आत बोलावून पुन्हा सांगितलं. आणि ते जागा घट्ट धरून बसतं, दिवसभर सुटत नाही. वर कुणी हेरॉइन घेतलं तरी त्याला बसायला जागाच उरत नाही.

मी विचारलं, "म्हणजे एक नशा सोडून दुसरी?" त्यांना हा प्रश्न रोजचाच असणार. त्या म्हणाल्या, मधुमेहाची गोळी घेतात तसं समजा. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मधुमेहाच्या माणसाला रोज सिस्टरपुढे आ करून जीभ वर उचलून दाखवावी लागत नाही, आणि त्याच्या सासूला ते कळलं तर ती देवघरात जाऊन रडत नाही. पण त्या पुढे जे बोलल्या ते पटलं. "नशा म्हणजे काय होतं तुमचं? दिवसातून कितीदा गोळीचा विचार यायचा?" मी म्हटलं, विचार जायचाच नाही. "बरं. तो गेला तर गोळी राहिली काय आणि नाही राहिली काय, ते नंतर बघू."

पहिला डोस कधी द्यायचा यालाही शास्त्र आहे. ब्यूप्रेनॉर्फिन जागेला इतकं घट्ट चिकटतं की तिथे आधीचं ट्रामाडॉल बसलेलं असेल तर त्याला ढकलून देतं, आणि मग एकदम भयंकर तळमळ सुरू होते. म्हणून आधीचं औषध पुरेसं उतरून त्रास चांगला सुरू झाल्याशिवाय देत नाहीत. मला सांगितलं होतं, आदल्या दिवशी दुपारनंतर काही घ्यायचं नाही आणि सकाळी तशीच या. मी तशीच गेले. पीएमटीत स्वारगेटपर्यंत उभी होते आणि शेजारचा माणूस माझ्याकडे बघून सरकून उभा राहिला, इतकं नाक वाहत होतं.

सिस्टरनी एक कागद काढला. त्यावर अकरा गोष्टी: नाडी, घाम, चुळबुळ, डोळ्यांची बाहुली, हाडं-सांधे, नाक-डोळे, पोट, हाताची थरथर, जांभया, चिडचिड, अंगावरचा काटा. प्रत्येकाला गुण. त्यांनी बोटं पुढे करायला लावली, टॉर्चने डोळे बघितले, दंडावरून हात फिरवून काटा बघितला. बेरीज केली आणि म्हणाल्या, "अजून नाही. तासाभराने बघू." बाकावर बसून मी समोरच्या भिंतीवरचं क्षयरोगाचं पोस्टर तोंडपाठ केलं. तासाभराने पुन्हा तेच, पुन्हा बेरीज, "थोडं थांबा." त्या क्षणी कुणी ट्रामाडॉल हातावर ठेवलं असतं तर मी काय केलं असतं, हे सांगायला नकोच. तिसऱ्या वेळी त्यांनी मॅडमना हाक मारली.

2 मिलिग्रॅमची गोळी. सिस्टरनी ती कागदाच्या घडीत ठेवून वर बत्त्याने दोनदा ठोकली, भुगा केला आणि मला जीभ वर करायला सांगून कागदावरून थेट खाली ओतला. अख्खी गोळी देत नाहीत. कुणी तोंडात लपवून बाहेर नेऊन विकू नये म्हणून हा भुगा. "गिळायचं नाही, बोलायचं नाही, पाणी नाही. पूर्ण विरघळेपर्यंत मान थोडी खाली ठेवा." गिळलं तर बहुतेक औषध यकृतातच मोडून जातं, कामाचं थोडंच उरतं, जिभेखालच्या बारीक शिरांमधून ते थेट रक्तात शिरतं. चव कडू, त्यावर लिंबाचा खोटा वास चढवलेला. तोंड लाळेने भरत जातं आणि गिळायची इच्छा अनावर होते. पाच-सात मिनिटांचं काम, पण घड्याळ हलत नाही. मग सिस्टर टॉर्च मारतात, "जीभ वर. डावीकडे. उजवीकडे. ठीक."

आधी पाय शांत झाले. मला ते उशिरा लक्षात आलं. माझं मलाच जाणवलं की बराच वेळ मी मांडी हलवलेली नाही. मग नाक थांबलं. हुरूप वगैरे काही नाही, गाणं सुचण्यासारखं काही नाही. थोड्या वेळाने आणखी 2 मिलिग्रॅम दिले आणि बसवून ठेवलं. दुपारी नवरा म्हणाला, काही खाशील का. कॅन्टीनमधून पोळीभाजी आणली. पोळी वातड होती, कणकेत मीठ कमी होतं, आणि हे मी त्याला बोलून दाखवलं. तो हसला. कित्येक महिन्यांत मी कुठल्याही पोळीबद्दल काही बोलले नव्हते.

पुढच्या काही दिवसांत डोस 6 मिलिग्रॅमवर स्थिरावला. ब्राऊन शुगरवाल्यांना याहून जास्त लागतो, कुणाला 12, कुणाला 16. रोज सकाळी जाऊन सिस्टरपुढे घ्यायचा. केंद्राचं वेळापत्रक त्याभोवती फिरवावं लागलं. पहाटे चारला कणीक, साडेपाचपासून मावशी आणि त्यांची सून लाटायला, मी नऊपर्यंत दवाखान्यातून परत. धावपळीत नाकीनऊ आले, खोटं कशाला बोलू. जिभेखाली गोळी घ्यायला रोज शहर ओलांडायचं ही पद्धत कामकरी माणसाला सोपी नाही. कित्येक जण त्यातच गळतात, आणि मग लोक म्हणतात की ह्याला सोडायचंच नव्हतं.

रांगेत मी आधी अंग चोरून उभी राहायचे. समोर ब्राऊन शुगर ओढणारी पोरं, सुया घेणारे, कोडीनच्या खोकल्याच्या बाटल्या पिणारा एक कॉलेजातला मुलगा. मी त्यांच्यातली नाही असं मला वाटायचं, माझी तर चिठ्ठीवरची गोळी होती. एका रिक्षावाल्या दादांनी ते ओळखलं असावं. एकदा म्हणाले, "ताई, इकडे सगळ्यांचा हिशेब एकच हाय. कुणाचा मेडिकलवर, कुणाचा गल्लीत." ते जुने पेशंट. पूर्वी रोज यावंच लागायचं, लॉकडाऊनमध्ये घरी न्यायला गोळ्या मिळायला लागल्या आणि तेव्हा पहिल्यांदा आपण सलग रिक्षा चालवली, असं सांगायचे. बायकोने शेवटी त्यांना घरात घेतलं होतं. दर सोमवारी हिशेब दाखवायला ती स्वतः यायची, आणि मॅडमपेक्षा तिचे प्रश्न कडक असायचे.

समुपदेशक बाई आकडे फार सांगायच्या नाहीत, एकच सांगितला. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत देशात अफूच्या कुळातले पदार्थ घेणाऱ्या सुमारे 77 लाख लोकांना मदतीची गरज असल्याचं निघालं होतं. "आणि त्यात तुमच्यासारखे चिठ्ठीवाले पण आहेत," असं त्या मुद्दाम म्हणाल्या. मला कायद्याची भीती होती, फाइलवर नाव, उद्या पोलीस आले तर? त्यांनी सांगितलं की उपचाराची माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. तरीही पहिले काही महिने मी रांगेत ओढणी डोक्यावरून घेऊनच उभी राहायचे. पेठेतली गिऱ्हाइकं कुठे भेटतील काय नेम.

नियमित आल्यावर, लघवीच्या तपासण्या स्वच्छ आल्यावर, आठवड्याच्या गोळ्या घरी न्यायला मिळाल्या. घरी न्यायच्या गोळीत नालोक्झोन मिसळलेलं असतं, 2 मिलिग्रॅमला अर्धा मिलिग्रॅम. जिभेखाली घेतली तर नालोक्झोन जवळजवळ कामच करत नाही. कुणी विरघळवून सुईने टोचून घेतली तर मात्र ते जागं होतं आणि तळमळ सुरू करतं. गोळी एका हाताची दुसऱ्या हाती जाऊ नये म्हणूनची ही कुलूपबंदी. किल्ली नवऱ्याकडे. गोदरेजच्या कपाटातल्या लॉकरमध्ये, लग्नाच्या पाटल्यांशेजारी, माझ्या गोळ्यांचं पाकीट. तो रोज सकाळी त्या दिवसाच्या काढून द्यायचा आणि उरलेल्या मोजायचा. माझ्यासमोर मोजायचा. यावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी आमच्या सगळ्या संसारात झाली नसतील. एकदा एक कमी भरली. घर डोक्यावर घेतलं. ती पाटल्यांच्या डबीत पडलेली सापडली. तो काही बोलला नाही, चहा करून आणला. तेव्हापासून मोजतो, पण माझ्या पाठीमागे.

सासूबाईंचं वेगळंच. त्यांना नशेची गोळी हा शब्द कुठून तरी ऐकू आला होता. "नशा सोडवायला नशाच देतात का हो डॉक्टर?" असं त्या चार जणांत विचारायच्या. मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला की जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे 2005 पासून आहे, की ज्यांना हे औषध सुरू असतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बंद कधी होणार?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. नवऱ्याने, आईने, भावाने, अगदी मेव्हण्यानेही. पूर्वी मी भिंतीशी टेकून, डोळे मिटून, ऑर्डरी विसरत होते तेव्हा कुणी काही विचारलं नाही. आता मी वेळेवर उठते, वही लिहिते, पोरीच्या क्लासला जाऊन येते, तर सगळ्यांना बंद करायची घाई. माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न विचारायचा हक्क पहिला माझा आहे, आणि मला अजून तो पडलेला नाही.

त्रास नाहीत असं नाही. बद्धकोष्ठ झालं, रोज रात्री इसबगोल लागतो. घाम जास्त येतो, आणि तव्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला तो आधीच काही कमी नसतो. दातांची गोष्ट मला उशिरा कळली. जिभेखाली विरघळणाऱ्या या गोळीने दात किडतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 मध्ये दिला होता. गोळी पूर्ण विरघळल्यावर पाण्याचा मोठा घोट तोंडात खेळवून गिळायचा आणि दात घासायला तासभर थांबायचं. मी आता तेच करते. त्याआधीच एक दाढ गेली होती. दाढ काढायची वेळ आली तेव्हा दातांच्या डॉक्टरांना मी गोळीचं नाव कागदावर लिहून दिलं, कारण हे औषध असताना नेहमीच्या जोरदार वेदनाशामकांचा उपयोग होत नाही, आणि ती द्यायची वेळ आलीच तर आधी माझ्या मॅडमशी बोलायला हवं. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, "बधिर करून काढू, नंतर आयब्यूप्रोफेन देतो." झालं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होणार.

आणि ज्याच्यासाठी सगळं सुरू झालं ती कंबर? ती आहेच. मॅडमनी एक चांगली गोष्ट केली, 6 मिलिग्रॅमचा डोस एकदम न देता तीन वेळांत विभागला. तलफेवर ह्याचा परिणाम दिवसभर टिकतो, दुखण्यावर मात्र सहा-आठ तासच, म्हणून. मूळचं वेदनाशामकच आहे ना ते. फिजिओथेरपीला जाते, जी पहिल्या डॉक्टरांनी सांगितली होती आणि मी केली नव्हती. ओटा वीटभर उंच करून घेतला. कणीक मळायचं यंत्र हप्त्यावर घेतलं. इतकी वर्षं दोन हातांनी वीस-वीस किलो मळत होते. यंत्राची किंमत आणि मेडिकलवाल्याला वर्षभरात दिलेले पैसे यांचा एकदा ताळा करून बघितला, तर यंत्र स्वस्त पडलं.

पुण्यात दोन वेळा औषधाची फार काळजी असते: पालखी मुक्कामाला असते तेव्हा, आणि अनंत चतुर्दशीला. लक्ष्मी रोड बंद, टिळक रोड बंद, पेठेतून बाहेर पडायचं तर चालत. माझे मोदक तर आदल्या रात्रीपासून. आता दोन्ही वेळेला आधीच सांगून जास्तीच्या गोळ्या घेऊन ठेवते. गेल्या विसर्जनाला पहाटे पावणेपाचला मी मोदकपात्राशी उभी होते, तोंडात गोळी. एक गिऱ्हाईक दार वाजवून विचारत होतं, एकवीसचे बेचाळीस होतील का. मी बोटाने थांब अशी खूण केली. त्याला वाटलं मी देवाचं काही म्हणतेय. तो हात जोडून उभा राहिला.

बंद करण्याबद्दल मॅडमचं म्हणणं सरळ आहे. हा उपचार किती काळ घ्यायचा याला वरची मर्यादा नाही. निदान वर्षभर तरी हलवू नका, त्यानंतर तुम्हाला वाटेल तेव्हा, आणि अगदी सावकाश. त्यासाठी 0.4 मिलिग्रॅमच्या बारीक गोळ्या मिळतात, त्यांनी एक एक पायरी उतरायचं. गेल्या हिवाळ्यात घरच्यांच्या हट्टापायी मी कमी करून पाहिलं. वरच्या पायऱ्या सहज गेल्या, मग रात्री पाय जागे व्हायला लागले, आणि एका दुपारी माझ्या डोक्यात मेडिकलच्या रस्त्याचा विचार आला. नुसता विचार. मी त्याच दिवशी फोन केला. मॅडम म्हणाल्या, "परत 6 वर या. काही बिघडलेलं नाही." त्यांनी फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ज्यांना अशी मदत हवी आहे आणि कुठे जायचं कळत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची 14446 ही मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. हे औषध मेडिकलच्या दुकानात मिळत नाही, व्यसनोपचार केंद्रातच मिळतं, त्यामुळे ओळखीच्या दुकानदाराकडे विचारण्यात अर्थ नाही.

नवरा परवा पुन्हा विचारत होता. मी म्हटलं, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी येतील, चकलीचा सोऱ्या हातात असताना मला डोस हलवायचा नाही. जानेवारीत मॅडमची वेळ घेतली आहे, तेव्हा विचारू. तो म्हणाला बरं, आणि विचारलं, शंकरपाळे यंदा किती किलोचे करायचे.